गव्हाच्या भावासाठी इंग्रज सरकारला नडलेला पंजाबचा मंत्री : सर छोटूराम

कांद्याचे भाव चढले की निर्यातबंदी येते आणि नाशिक जिल्ह्यातले लिलाव बंद पडतात. 2023 च्या डिसेंबरात हेच झालं. शहरातल्या माणसाला स्वस्त खायला मिळालं पाहिजे, हे सगळ्यांनाच मान्य असतं. प्रश्न एवढाच असतो की ही स्वस्ताई कुणाच्या खिशातून द्यायची?

हा वाद जुना आहे. ऐंशीएक वर्षांपूर्वी तो पंजाबात गव्हावरून पेटला होता आणि शेतकऱ्याच्या बाजूने उभे होते चौधरी सर छोटूराम.

छोटूराम यांचा जन्म 24 नोव्हेंबर 1881 चा, रोहतक जिल्ह्यातल्या गढी सांपला गावचा. आज हा भाग हरियाणात येतो, तेव्हा तो पंजाब प्रांतात होता. पंजाब म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कालवे येतात, पण रोहतककडची शेती पावसाच्या भरवशावर. घरी थोडी जमीन आणि त्यावर सावकाराचं कर्ज.

त्यांच्याबद्दल एक किस्सा हरियाणात आजही सांगतात. मुलाच्या शिक्षणासाठी पैसे मागायला वडील त्याला घेऊन सावकाराकडे गेले. सावकाराने पैशांचं बोलायच्या आधी वडिलांना पंखा ओढायला सांगितलं. धडधाकट पोरगा शेजारी असताना म्हाताऱ्या बापाला हे काम सांगितलेलं छोटूराम यांच्या जिव्हारी लागलं.

पुढे कलकत्त्याचे व्यापारी सेठ छाजूराम यांच्या मदतीने ते दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजात शिकले. 1905 मध्ये पदवी, मग आग्र्यात वकिली आणि 1912 पासून रोहतकला मुक्काम. तिथे त्यांनी काँग्रेसचं काम केलं, पण असहकार चळवळ न पटल्याने 1920 मध्ये ते बाहेर पडले. 1923 मध्ये सर फजल-ए-हुसेन यांच्यासोबत त्यांनी युनियनिस्ट पक्ष उभा केला. हिंदू, मुसलमान आणि शीख जमीनधारक एका पक्षात, हे त्या काळात सोपं नव्हतं.

या पक्षाच्या जोरावर पंजाबात एकामागून एक कायदे झाले. 1934 च्या कायद्याने कर्ज तडजोड मंडळं आली आणि आपल्याकडे ज्याला दामदुप्पट म्हणतात तो नियम लागू झाला : मुद्दलाच्या दुपटीपेक्षा जास्त वसुली नाही. 1937 मध्ये छोटूराम सिकंदर हयात खान यांच्या सरकारात विकासमंत्री झाले. 1938 मध्ये सावकारांना नोंदणी सक्तीची झाली. 1901 च्या आधीपासून गहाण पडलेल्या जमिनी मूळ मालकांना परत देण्याचा कायदाही त्याच वर्षी आला.

1939 चा बाजार कायदा आपल्याला ओळखीचा वाटेल. परवानाधारक व्यापारी, प्रमाणित वजनमापं, अडत-तोलाईच्या नावाखालच्या कपातीला लगाम आणि समितीत शेतकऱ्यांचे प्रतिनिधी. म्हणजेच बाजार समिती. या कल्पनेचं मूळ आपल्या वऱ्हाडात आहे. 1886 साली कारंज्यात कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला होता.

व्यापारी या कायद्यांना काळे कायदे म्हणायचे. कायद्यांत एक उणीवही होती. कोण शेतकरी हे जातींच्या सरकारी यादीवरून ठरायचं आणि त्या यादीत नसलेले भूमिहीन दलित बाहेरच राहिले.

मग आलं महायुद्ध.

फौजेला आणि शहरांना धान्य हवं होतं. भाव वाढू लागले, तेव्हा 1941 च्या डिसेंबरात दिल्लीने लायलपूर आणि हापूडच्या बाजारात गव्हाला मणामागे कमाल 4 रुपये 6 आणे भाव ठरवला. मंत्री असलेल्या छोटूराम यांनी त्याला विरोध केला. त्यांचं म्हणणं साधं होतं. कापड, लोखंड, रॉकेल महाग होत असताना बांध फक्त गव्हालाच का? मंदीत भाव कोसळले तेव्हा सरकारने आधार दिला नाही, मग आता चार पैसे मिळताना आडवं का यायचं?

बाजारातून गहू गायब होऊ लागला. 1942 मध्ये कमाल भाव 5 रुपये झाला, तरी माल येईना. शेवटी 1943 च्या जानेवारीत सरकारने ही मर्यादाच काढली आणि भाव कडाडले.

पण त्याच 1943 मध्ये बंगालमध्ये माणसं भुकेने मरत होती. मृत्यूंचे अंदाज 15 लाखांपासून 30 लाखांपर्यंत जातात. पंजाब भाव धरून बसलाय, अशी टीका झाली. केंद्राच्या दबावापुढे पंजाबला शहरांत रेशनिंग मान्य करावं लागलं.

इथे छोटूराम यांच्या भूमिकेची मर्यादा दिसते. माल साठवून चढ्या भावाची वाट कोण पाहू शकतो? ज्याच्याकडे कोठार आहे तो. दोन-चार एकरवाला शेतसारा आणि देणी भागवायला खळ्यावरच धान्य विकतो आणि काही महिन्यांनी स्वतःच दाणे विकत घेतो. भाव वाढले म्हणून प्रत्येक लहान शेतकरी तरला, असं होत नाही. पण दुष्काळाचं ओझं एकट्या शेतकऱ्याच्या मालावर टाकायचं का, हा त्यांचा प्रश्नही खोटा ठरत नाही.

9 जानेवारी 1945 ला लाहोरमध्ये छोटूराम गेले. शेवटच्या दिवसांत ते भाक्रा धरणासाठी बिलासपूरच्या राजाशी करार करण्यात गुंतले होते. हे धरण पुढे 1963 मध्ये देशाला अर्पण झालं आणि त्याच्या पाण्याने हरियाणाच्या कोरड्या शेतांत गहू पिकला.

1965 मध्ये अन्न महामंडळ आणि कृषी मूल्य आयोग आले. कमाल भावासोबत किमान भावाची भाषा सरकारी धोरणात शिरली. पण भाव वाढले की आधी शेतकऱ्याचा माल अडवायचा, ही सवय गेली नाही. 2022 मध्ये गव्हाची निर्यात थांबली, 2023 मध्ये कांद्याची. अन्न स्वस्त ठेवण्याचा खर्च सरकारी तिजोरीने सोसायचा की शेतकऱ्याने, याचं उत्तर आपण अजून दर हंगामात नव्याने शोधतोय.