चौलास उतरलेला परदेशी बंधू

रेवदंड्यास जो स्मारकस्तंभ आहे, तो अफनासी निकितीन याचा होय. रशियातील त्वेर नगराचा हा ख्रिस्ती व्यापारी सुमारे १४७० साली चौल बंदरी उतरला. वास्को द गामा तेव्हा यावयाचाच होता. व्होल्गा नदीच्या मुखाशी तातारांनी त्यास लुटले होते. मालाबरोबर त्याची धर्मपुस्तकेही गेली. विकावयास आणलेला एक घोडा, एवढीच त्याची पुंजी.

घाट चढून तो पावसाळ्यात जुन्नरास राहिला. तेथील खानाने घोडा काढून घेतला व धर्म बदलण्यास चार दिवसांची मुदत दिली. निकितीनाने देवाचा धावा केला. त्याच्यासाठी रदबदली करून घोडा परत मिळवून दिला तो मात्र खुरासानच्या एका मुसलमान खजिनदाराने! प्रभूचा हात कोणत्या बाजूने येईल, हे आपण कोण ठरविणार?

पुढे बीदर येथे त्यास मोठे दुःख झाले ते निराळेच. पुस्तके नसल्यामुळे पुनरुत्थानाचा सण केव्हा, हेच त्यास कळेना. मग तो आकाशातील नक्षत्रे पाही, अदमासाने दिवस धरी व उपवास करी. त्याच्या लेखात अरबी-फारसी प्रार्थना आढळतात, म्हणून त्याने धर्म सोडला असे काही विद्वान समजतात. आम्हांस तसे वाटत नाही. धर्म सोडलेला मनुष्य सण चुकला म्हणून कशास रडेल?

अखेर दाभोळास तो गलबतावर चढला. त्वेर मात्र त्यास पुन्हा दिसले नाही. स्मोलेन्स्क येण्यापूर्वीच वाटेत तो वारला. त्याच्या हातच्या वह्या तेवढ्या १४७५ साली मॉस्कोस पोहोचल्या.