थोरांची ओळख : हाइनरिश हर्ट्झ (१८५७–१८९४)

विद्यार्थी मित्रांनो, किलोहर्ट्झ हा शब्द तुमच्या आजोबांनी रेडिओच्या पट्टीवर पाहिलेला आहे आणि गिगाहर्ट्झ हा शब्द तुम्ही संगणकाच्या जाहिरातीत वाचता. ज्यांच्या नावावरून हे एकक आले, त्या हाइनरिश हर्ट्झ यांची ओळख पाठ्यपुस्तकात रेडिओलहरींपाशीच संपते. या अंकात आम्हाला त्यांच्या दुसऱ्याच एका कामाविषयी सांगायचे आहे. ते त्यांनी वयाच्या तेविसाव्या वर्षी नाताळच्या सुट्टीत केले. सायकलच्या छऱ्यांपासून आगगाडीच्या चाकांपर्यंत, दोन कठीण वस्तू एकमेकींना टेकतात तिथे ते आजही उपयोगी पडते.

हर्ट्झ यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ रोजी जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात झाला. वडील वकील होते. मुलगा अभ्यासात हुशार, भाषांची आवड इतकी की अरबीही शिकला. पण त्याचा जीव रमे तो सुतारकामात आणि लेथवर. लहान वयातच तो कातकाम शिकला आणि स्वतःची उपकरणे स्वतः बनवू लागला. असे सांगतात, की पुढे तो प्राध्यापक झाल्याचे कळले तेव्हा त्याला कातकाम शिकवणाऱ्या कारागिराला वाईट वाटले होते. एक चांगला कातारी हातचा गेला, असे त्याचे म्हणणे होते. आम्हाला ही गोष्ट फार आवडते.

शालेय शिक्षण संपल्यावर अभियंता व्हायचे ठरले. फ्रँकफर्टला कामाचा अनुभव, ड्रेस्डेनच्या तंत्रशाळेत काही महिने, मग बर्लिनमध्ये रेल्वे पलटणीत वर्षभर लष्करी सेवा, असा प्रवास झाला. १८७७ साली पुढच्या शिक्षणासाठी ते म्युनिचला पोचले आणि तिथे त्यांचे मन द्विधा झाले. अभियांत्रिकीत नोकरीची खात्री होती, ओढ मात्र शुद्ध विज्ञानाकडे होती. त्यांनी वडिलांना सविस्तर पत्र लिहून परवानगी मागितली आणि वडिलांनी ती दिली. पालकांनो, दहावीच्या निकालानंतर आपल्या भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद भागातल्या घरांत जी चर्चा होते, तीच ही. फरक एवढाच, की हे घर हॅम्बुर्गमधले होते. त्या वडिलांचे आम्हाला विशेष कौतुक वाटते.

१८७८ साली हर्ट्झ बर्लिनला थोर शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांच्याकडे गेले. १८८० साली डॉक्टरेट मिळवून ते त्यांचेच सहायक झाले. तिथल्या भौतिकी मंडळात काचेच्या दोन भिंगांची चर्चा चालू होती. भिंगे एकमेकांवर ठेवली की प्रकाशाची वर्तुळे दिसतात आणि त्या वर्तुळांवरून भिंगांमधली फट मोजता येते. हर्ट्झ यांच्या मनात शंका आली: भिंगे दाबली जातात, तेव्हा काच थोडी तरी चपटी होत असणार, मग माप चुकत नसेल का? काच इतकी कठीण, तिचे चपटे होणे कोण मोजणार, म्हणून हा प्रश्न सहज सोडून देता आला असता. हर्ट्झ यांनी तो सोडला नाही. सुट्टीत गणित मांडून ३१ जानेवारी १८८१ रोजी त्यांनी ते मंडळापुढे वाचले.

दोन गोळे टेकतात ते एका बिंदूत, असे आपण भूमितीत शिकतो. पण बिंदूला क्षेत्रफळ नसते. सगळे वजन बिंदूवर आले तर दाब अनंत होईल आणि कोणताही पदार्थ फुटेल. प्रत्यक्षात दोन्ही वस्तू किंचित चपट्या होतात आणि एक लहानसा गोल किंवा लंबगोल ठिपका तयार होतो. त्या ठिपक्याचा आकार किती आणि दाब कुठे किती, हे हर्ट्झ यांनी सूत्राने दाखवले. गोळा सपाट पृष्ठावर दाबला आणि भार आठपट केला, तर ठिपक्याची त्रिज्या दुप्पट, क्षेत्रफळ चौपट आणि दाब फक्त दुप्पट होतो. भरीव रबरी चेंडूला शाई लावून कागदावर कमी-जास्त जोराने दाबून पाहा. ठसा मोठा होत जातो, पण जोर वाढेल त्या मानाने नाही.

याच सूत्रांचा विस्तार १८८२ च्या एका निबंधात करून त्यांनी कठीणपणा मोजण्याची रीत सुचवली. ती व्यवहारात रुजली नाही. १९०० साली ब्रिनेल यांची सोपी रीत आली आणि तीच कारखान्यांत चालू लागली. स्पर्शाचे गणित मात्र टिकले. भालकीहून कमालनगरमार्गे उदगीरला जाणारी गाडी असो, की २०१७ साली सुरू झालेल्या बीदर–कलबुर्गी मार्गावरची. चाक रुळाला टेकते ती जागा अंगठ्याच्या नखाएवढी असते. भरलेल्या मालडब्याच्या एका चाकावर दहा-अकरा टन भार येऊ शकतो आणि तो सगळा त्या नखाएवढ्या जागेवर असतो. पुढच्या संशोधकांनी याच सूत्रांवरून आणखी एक गोष्ट काढली: घातक ताण पृष्ठभागावर नसून थोडा आत असतो. म्हणून बेअरिंगचा छर्रा कित्येकदा आतून तडकतो आणि मग त्याचे कवच निघते.

पुढे कील, मग कार्ल्सरुह. तिथे १८८६ ते १८८८ या काळात त्यांनी विद्युतचुंबकीय लहरी प्रयोगाने सिद्ध केल्या आणि जगात नाव झाले. १८८९ मध्ये ते बॉन विद्यापीठात आले. काही वर्षांतच आजाराने गाठले, अनेक शस्त्रक्रिया झाल्या. त्याही स्थितीत यंत्रशास्त्राच्या मूलतत्त्वांवरचा ग्रंथ त्यांनी लिहून पुरा केला. १ जानेवारी १८९४ रोजी ते गेले. वय अवघे छत्तीस. मागे पत्नी आणि दोन लहान मुली होत्या. वडिलांचे घराणे मूळचे ज्यू, म्हणून १९३० नंतरच्या दशकात नाझी राजवटीत त्यांच्या कुटुंबाला इंग्लंडला जावे लागले.

आपल्या देशात सी. व्ही. रामन यांनी कलकत्त्यात गोळ्यांच्या आघातावर प्रयोग केले आणि १९२० साली हर्ट्झ यांच्या आघात-सिद्धांताच्या उपयोगावर निबंध लिहिला. जाड काचेवरून गोळी चांगली उसळते, पातळ काचेवरून कमी, कारण काही ऊर्जा काचेच्या कंपनात जाते.

हर्ट्झ यांनी घर्षण धरले नव्हते आणि चिकटपणाही नाही. चिकटपणाची भर १९७१ साली जॉन्सन, केंडल आणि रॉबर्ट्स यांनी घातली. चाक-रुळाच्या घर्षणाचे गणित हॉलंडच्या काल्कर यांनी संगणकावर आणले. वेड्यावाकड्या आकाराचे दात असलेले गिअर, कृत्रिम गुडघा यांची गणिते हाताने सुटत नाहीत. संगणक त्या वस्तूंचे हजारो लहान तुकडे करून कोणता तुकडा कोणाला टेकला हे पुन्हा पुन्हा तपासतो. असा नवा प्रोग्रॅम तयार झाला, की संशोधक बहुधा आधी त्याला १८८१ सालचे गोळ्याचे गणित घालतात. उत्तर हर्ट्झ यांच्या उत्तराशी जुळले, तरच गिअर आणि गुडघ्याची पाळी येते.