शिशाचा छर्रा आणि सुगरणीचा खोपा

प्रतिनिधी, मांडवा

गेटवेहून निघालेली बोट मांडव्याच्या धक्क्याला लागते आणि उतारूंची पांगापांग होते. बहुतेकांची वाट अलिबागची असते. काही जण मात्र अलीकडेच, दहा-बारा किलोमीटरवरच्या किहीमला उतरतात. माडांच्या या गावी १९३० च्या पावसाळ्यात तेहेतीस वर्षांचा एक बेकार तरुण पत्नीसह मुक्कामाला होता. हाती नोकरी नव्हती, पुढचा मार्ग दिसत नव्हता. त्या रिकाम्या दिवसांत त्याने सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीकडे पाहत राहण्याचा उद्योग आरंभिला. भारतीय पक्षिशास्त्राचे पितामह म्हणून देश ज्यांना ओळखतो, ते डॉ. सलीम अली हेच. पण पक्ष्यांशी त्यांची पहिली ओळख दुर्बिणीतून झाली नव्हती. ती झाली बंदुकीच्या नळीतून.

मुंबईत १२ नोव्हेंबर १८९६ रोजी जन्मलेले सलीम हे दहा भावंडांतील धाकटे. पहिल्या वर्षी वडील गेले, तिसऱ्या वर्षी आई. खेतवाडीत राहणारे मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि निपुत्रिक मामी हमिदा बेगम यांनी त्यांना वाढविले. मामांना शिकारीचा नाद होता. त्यांनी भाच्याला खेळण्यातली एअरगन आणून दिली आणि परिसरातल्या चिमण्यांचे दिवस फिरले. नेमबाजीच्या या चढाओढीत दूरचे नातलग इस्कंदर मिर्झाही असत. हेच मिर्झा पुढे पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष झाले.

तबेल्यातील आठ नर

त्या वयातील एक प्रसंग आजही अभ्यासकांना चकित करतो. तबेल्याच्या भिंतीतील भोकात चिमणीचे घरटे होते आणि नर बाहेर पहारा देत बसला होता. सलीमने तो टिपला. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर मिळविला. तोही छऱ्याला बळी पडला. आठवडाभरात असे आठ नर मारले गेले आणि प्रत्येक वेळी नवा जोडीदार हजर झाला. नऊ-दहा वर्षांच्या मुलाने हे टिपून ठेवले, ते पराक्रमाची नोंद म्हणून. मारणाऱ्या हाताइतकाच पाहणारा डोळाही त्या वेळी जागा होता, एवढे मात्र त्यातून दिसते. पुढे ही नोंद छापूनही आली.

१९०८ च्या सुमारास पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. नेहमीची चिमणी हलाल करून खाता येत असे. ही वेगळी दिसणारी चिमणी खावी की नाही, असा प्रश्न मुलाला पडला. मामांनाही उत्तर ठाऊक नव्हते. त्यांनी त्याला चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे धाडले. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत पाय ठेवताना मुलगा बिचकला होता. मिलार्ड यांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचे सांगितले, पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कपाट उघडून दाखविले आणि वाचायला पुस्तके दिली. शिकाऱ्याचा अभ्यासक होण्यास तेथे प्रारंभ झाला.

बंदूक, छरे आणि कापूस

अभ्यासक झाले म्हणून बंदूक सुटली नाही. १९१४ मध्ये ते कुटुंबाच्या व्यवसायानिमित्त ब्रह्मदेशातील तवॉय येथे गेले. तेथील जंगलांत त्यांची शिकार आणि निरीक्षण दोन्ही चालू राहिले. त्या काळी पक्षी हातात घेतल्याखेरीज त्याची जात-पोटजात निश्चित करता येत नसे.

या कामाची बंदूक मात्र वेगळी. सांबर-रानडुकरासाठी रायफलची एकच जड गोळी लागते. जुन्या रायफलींचे शिकारी शिसे वितळवून, मऊ शिशाला कठीणपणा यावा म्हणून त्यात थोडे कथील मिसळून, साच्यात गोळ्या ओतीत. तशी गोळी लहान पक्ष्याला लागली तर हाती काही उरत नाही. म्हणून संग्राहक छऱ्याची बंदूक वापरीत आणि काडतुसात मोहरीएवढे बारीक शिशाचे दाणे भरीत. त्याने पिसारा फारसा विस्कटत नसे. मग कातडी सोलायची, कीड लागू नये म्हणून सोमलाचा साबण लावायचा, आत कापूस भरायचा आणि पायाला तारीख, ठिकाण, नर-मादी लिहिलेली चिठ्ठी बांधायची. पक्षी रात्रीतून खराब होत असल्याने हे काम उद्यावर टाकता येत नसे.

१९२६ मध्ये त्यांना प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मार्गदर्शक-व्याख्यात्याची नोकरी मिळाली. १९२८ मध्ये रजा घेऊन ते बर्लिनला एर्विन श्ट्रेझेमान यांच्याकडे शिकायला गेले. १९३० मध्ये परतले, तेव्हा पैशाअभावी ती जागाच रद्द झाली होती.

किहीमचा पावसाळा

पत्नी तेहमिना यांच्यासह ते किहीमला आले. पावसाळा हा सुगरणीच्या विणीचा हंगाम. येथे बंदुकीचे काम नव्हते. नर मारला असता तर प्रश्नाचे उत्तरही त्याच्याबरोबर गेले असते. हवे होते ते तासन् तास बसणे. त्यातून जे उमगले ते आधी कोणाला नीट ठाऊक नव्हते. नाव सुगरण असले तरी खोपा विणतो तो नर. तो अर्ध्यावर येतो, तेव्हा माद्या येऊन पाहणी करतात. एखादीला पसंत पडला की जोडी जमते, नर उरलेले विणकाम पुरे करतो आणि मादी अंड्यांवर बसताच दुसरा खोपा सुरू करून दुसरीची वाट पाहतो. हा अभ्यास सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि सलीम अली यांचे नाव झाले. तबेल्यात नर मारून जे कोडे नकळत दिसले होते, तशाच कोड्याचा उलगडा किहीमला एकही छरा न उडवता झाला.

पुढे हैदराबादसह अनेक संस्थानांच्या पक्षी सर्वेक्षणांत बंदूक पुन्हा हाती आली. तंबूतील त्या संसारात तेहमिना यांची साथ होती. १९३९ मध्ये एका शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक आले, तर डिलन रिप्ले यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ १९७४ मध्ये पुरा झाला. अभ्यासासाठी मोजके पक्षी मारण्याने जात संपत नाही, ती संपते अधिवास उजाड झाल्याने, ही त्यांची भूमिका होती. कित्येक पक्षिप्रेमींना ती रुचली नाही.

भरतपूरची कहाणी या संदर्भात बोलकी आहे. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी, त्यांच्या बेचाळिसाव्या वाढदिवशी, व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत तेथे एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. स्वातंत्र्यानंतर ते पाणथळ आटवून शेती करण्याची मागणी झाली, तेव्हा ते वाचविण्यासाठी सलीम अलींनी नेहरूंपर्यंत धाव घेतली. १९८२ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. गुरचराई बंद व्हावी असे म्हणणाऱ्यांत तेही होते. त्या बंदीतून संघर्ष पेटला आणि पोलिसांच्या गोळीबारात ग्रामस्थ मरण पावले. चराई थांबल्याने गवत माजून पक्ष्यांचेच नुकसान होते, असे पुढे त्यांच्याच संस्थेच्या अभ्यासात आढळले. थोर माणसाच्या चरित्रातील हे पान झाकून ठेवण्याचे कारण नाही.

१९७६ मध्ये पद्मविभूषण, १९८५ मध्ये राज्यसभेचे सदस्यत्व असे मान लाभलेले सलीम अली २० जून १९८७ रोजी नव्वदाव्या वर्षी निवर्तले. पाणथळीत पडलेले छरे दाणे समजून गिळणारी बदके शिशाच्या विषाने मरतात, हे आता सिद्ध झाले आहे. युरोपीय संघाने २०२३ पासून पाणथळ जागी शिशाच्या छऱ्यांवर बंदी घातली. महाराष्ट्रात मारुती चितमपल्ली यांच्या ५ नोव्हेंबर या जन्मदिनापासून सलीम अलींच्या जन्मदिनापर्यंत पक्षी सप्ताह पाळला जातो.

किहीमचे खोपे पाहायचे तर मात्र त्याआधीच, पावसात यायला हवे. त्या दिवसांत गेटवेच्या लाँच बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून २०२० मध्ये सुरू झालेली रो-रो बोट मांडव्याला आणून सोडते. पुढे थोडे चालायचे आणि बराच वेळ बसायचे, एवढीच तयारी लागते.