लेखणीने शिणलेल्या हातांचा वैद्य

सकाळी दहापासून रात्रीपर्यंत की-बोर्ड आणि माऊस यांच्याशी जखडलेल्या संगणक प्रोग्रॅमरचे मनगट दुखू लागले, बोटांना मुंग्या येऊ लागल्या की हा नव्या युगाचा नवा रोग असे आपण समजतो. परंतु या दुखण्याची मीमांसा १७१३ सालीच लिहून ठेवलेली आहे. ती करणारा वैद्य म्हणजे व्यावसायिक रोगांच्या शास्त्राचा जनक मानला जाणारा बर्नार्दिनो रामाझिनी.

रामाझिनीचा जन्म १६३३ साली उत्तर इटलीतील मोडेनाजवळच्या कार्पी या गावी झाला. पार्मा येथे त्याने आधी तत्त्वज्ञान व मग वैद्यक यांचे अध्ययन केले आणि १६५९ मध्ये पदवी मिळवली. मध्य इटलीतील कॅनिनो येथे वैद्यकी सुरू केली खरी, पण हिवतापाने गाठल्यामुळे त्याला गावी परतावे लागले. १६७१ मध्ये तो मोडेनात स्थायिक झाला आणि १६८२ मध्ये तेथील विद्यापीठात वैद्यकाचा प्राध्यापक झाला. येथपर्यंतचे चरित्र त्या काळच्या कोणत्याही यशस्वी वैद्याचे असावे तसेच आहे.

त्याला वेगळ्या वाटेवर नेले ते एका मैला उपसणाऱ्या कामगाराने. रामाझिनीच्या घरचा शौचकूप साफ करताना हा माणूस जिवाच्या आकांताने घाई करत होता. वैद्याने कारण विचारले. चार तासांपेक्षा अधिक वेळ येथे राहिलो तर दृष्टी जाईल, अशा आशयाचे उत्तर मिळाले. त्याचे डोळे लालबुंद झाले होते. काम संपल्यावर घरी जाऊन कोमट पाण्याने डोळे धुवावेत आणि दिवसभर अंधाऱ्या खोलीत पडून राहावे, एवढाच उपाय त्याला ठाऊक होता. याच धंद्यात दृष्टी गमावून भीक मागणारी माणसे रामाझिनीने शहरात पाहिली. त्यानंतर तो कुंभार, सोनार, खाणकामगार, विणकर, सुईणी यांच्या कामाच्या जागी जाऊन चौकशी करू लागला. गरिबाच्या घरी गेलेल्या वैद्याने सोनेरी खुर्चीची अपेक्षा न धरता तिपाईवर बसावे आणि नेहमीच्या प्रश्नांत आणखी एका प्रश्नाची भर घालावी, असा त्याचा आग्रह होता. तो प्रश्न म्हणजे, तुम्ही काम काय करता? आज हा प्रश्न साधा वाटतो. त्या काळी उच्चभ्रू वैद्याला तो सुचत नसे, आणि खरे सांगायचे तर घाईच्या दवाखान्यांतून तो आजही अनेकदा राहून जातो.

या परिश्रमांतून १७०० साली कामगारांच्या रोगांवरील त्याचा लॅटिन ग्रंथ अवतरला. त्याच वर्षी पादुआच्या विख्यात विद्यापीठाने त्याला बोलावून घेतले. तेथे, ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना, त्याने ग्रंथाची वाढवलेली आवृत्ती काढली. तिच्यात जोडलेल्या बारा प्रकरणांपैकी एक लेखनिक व नोटरी यांच्यावर आहे.

त्याने या मंडळींच्या दुखण्याची तीन कारणे दिली: सतत बसून राहणे, हाताची एकाच दिशेने अखंड चालणारी हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर येणारा ताण. प्रोग्रॅमरच्या दिवसाचे वर्णन याहून नेमके करता येणार नाही. पिसाची लेखणी किंवा माऊस, दोन्ही वस्तू वजनाला नगण्यच. मग हात का शिणतो? बोटे हलत असताना त्यांना आधार देणारे स्नायू व कंडरा सारख्या ताणलेल्या राहतात, त्यांना सैल पडायला उसंतच मिळत नाही, हे रामाझिनीने ओळखले होते. मनाच्या ताणाचाही येथे प्रत्यक्ष संबंध आहे. काम सोपवण्याची तारीख जवळ आली की खांदे आपोआप आखडतात, बोटे कळांवर गरजेपेक्षा जोराने आपटतात आणि उठण्याचे भान राहत नाही.

त्याच्या परिचयाच्या एका नोटरीची हकीकत तर मुळातूनच लक्षात ठेवावी अशी आहे. आयुष्यभर लिहून त्याचा उजवा हात आधी थकू लागला, औषधांनी उतार पडला नाही आणि शेवटी तो लुळा झाला. गृहस्थ हिकमती. त्याने डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला. थोड्याच काळात डाव्या हाताचीही तीच गत झाली! उजवे मनगट दुखते म्हणून माऊस डावीकडे ठेवणाऱ्याने कामाचा एकूण भार मात्र कमी केला नाही, तर त्याच्या पदरीही हेच येण्याचा धोका असतो.

रामाझिनीचे उपाय त्या काळाला साजेसे होते. बैठे काम करणाऱ्यांनी निदान सुटीच्या दिवशी तरी अंग हलवावे, असे त्याचे सांगणे. अंगातील रस व बाष्पे यांविषयीच्या त्याच्या कल्पना मागे पडल्या, निरीक्षण मात्र टिकले. आजचे तज्ज्ञ सुटीची वाट न पाहता दिवसभरात वारंवार छोटी विश्रांती घ्यायला सांगतात. मनगट वर वा बाजूला न वाकता सरळ राहावे, कोपर अंगालगत असावे, माऊस हात लांबवून गाठावा लागू नये, पडदा डोळ्यांच्या पातळीच्या आसपास असावा, असा त्यांचा सल्ला असतो. सुरुवातीला दुखणे काम थांबवले की शमते, तेव्हाच सवयी बदलणे सोपे असते. रात्री झोपेतही बोटे बधिर होऊ लागली किंवा पकड सैल पडली, तर डॉक्टरकडे जाण्यात चालढकल करू नये.

उतारवयात रामाझिनीची स्वतःची दृष्टी अधू होत गेली. वाचण्यासाठी त्याला इतरांच्या डोळ्यांवर विसंबावे लागे, पण अध्यापन त्याने सोडले नाही. १७१४ च्या नोव्हेंबरात पादुआ येथे त्याचे निधन झाले. कामाच्या ठिकाणच्या आरोग्याचा अभ्यास करणारी त्याच्या नावाची आंतरराष्ट्रीय संस्था, कॉलेजियम रामाझिनी, १९८२ मध्ये स्थापन झाली. तिचे ठाणे त्याच्या जन्मगावी, कार्पीलाच आहे.