मनाशी बोलणारे समर्थ



आजच्या चिंतनासाठी मनाचे श्लोक घेतलेत. पण आधी हे श्लोक रचणाऱ्या माणसाकडे बघू.

1608 साली रामनवमीला जांब गावी (आजचा जालना जिल्हा) नारायणाचा जन्म झाला. बाराव्या वर्षी तो बोहल्यावर उभा होता आणि मंगलाष्टकांत 'सावधान' शब्द आला. आपण सगळेच लग्नात हा शब्द ऐकतो आणि अक्षता टाकतो. परंपरा सांगते, की नारायणाला तो आपल्यालाच उद्देशून वाटला आणि तो मंडपातून निघून गेला.

पण निघून जाणं हा एका क्षणाचा निर्णय, खरी परीक्षा पुढेच होती. नाशिकजवळ टाकळीला त्यांनी 12 वर्षं साधना केली. पहाटेपासून नदीच्या पाण्यात उभं राहून जप, दुपारी माधुकरी. तेरा अक्षरी मंत्राचा तेरा कोटी जप केला असं मानतात. इंजिनिअरच्या सवयीनं मी हिशेब केला: रोजचे जवळजवळ 30 हजार! म्हणजे आकडा कोटींचा असला, तरी काम आजच्या दिवसापुरतंच. त्यानंतर 12 वर्षं तीर्थाटन, मग कृष्णाकाठ आणि 1648 मध्ये चाफळचं राममंदिर.

या अनुभवातून मनाचे 205 श्लोक आले. त्यात समर्थ मनाला सज्जन मानून हाक मारतात. काय सोडायचं, काय धरायचं ते स्पष्ट सांगतात. कधी प्रश्न विचारून मनालाच उत्तर शोधायला लावतात. मन चुकार आहे हे त्यांना पक्कं माहीत आहे, तरी ते मनाचा अपमान करत नाहीत.

मित्रांनो, आपण मात्र स्वतःशी कसे बोलतो? एक दिवस व्यायाम चुकला, की "तुझ्याच्यानं काही होणार नाही!" टीममधल्या ज्युनिअरशी आपण असं बोलू का? शिव्या खाल्लेलं मन दुसऱ्या दिवशी पहाटे उठत नाही. आदरानं समजावलेलं मन उठायची शक्यता जास्त.

मी रोज लॅपटॉप उघडण्याआधी एक श्लोक मोठ्यानं म्हणतो. मग मनाला 'अरे सज्जना' म्हणत आजचं एकच काम सांगतो. राहिलं, तर उद्या तेच पुन्हा, तितक्याच प्रेमानं.

1682 मध्ये सज्जनगडावर समर्थांनी देह ठेवला. संकल्प मोडायला आला, की मनाला आज एकदा सज्जन म्हणून बघा.

॥ श्रीराम ॥