कोशकार मोल्सवर्थ

मराठी शब्दाचा जुना अर्थ शोधावयाचा झाल्यास विद्वान् मंडळी आजही ज्या कोशाकडे वळतात, त्याच्या कर्त्याची ओळख आमच्या विद्यार्थ्यांस असावी, या हेतूनें हें अल्पचरित्र आम्ही देत आहों.

जेम्स टॉमस मोल्सवर्थ यांचा जन्म इ. स. १७९५ मध्यें झाला. वय अवघें सोळा वर्षांचें असतां, इ. स. १८१२ त, ते कंपनीच्या मुंबई फौजेंत दाखल झाले. मराठी व हिंदुस्थानी भाषा शिकून ते दुभाषी झाले. इ. स. १८१८ मध्यें सोलापूर येथें त्यांनीं मराठी शब्द टिपावयास आरंभ केला. पुढें सरकारनें हें काम अंगिकारिलें आणि त्यांस ब्राह्मण शास्त्री व टॉमस आणि जॉर्ज हे कँडी बंधु साहाय्यास दिले. इ. स. १८३१ त सुमारें ४०,००० शब्दांचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला.

इंग्रजी-मराठी कोशाचें काम चालू असतां प्रकृति ढासळली व इ. स. १८३६ त त्यांस स्वदेशीं जावें लागलें. तें काम टॉमस कँडी यांनीं इ. स. १८४७ त तडीस नेलें. लष्करी पेशा मनोदेवतेस मानवेना, म्हणून मोल्सवर्थ यांनीं तो सोडला होता, आणि पेन्शनही घेतलें नाहीं. तरी सरकारनें बोलावितांच इ. स. १८५१ मध्यें ते कोश सुधारावयास परत आले. इ. स. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तींत शब्दसंख्या ६०,००० वर गेली. इ. स. १८६० त त्यांनीं हिंदुस्थान सोडलें व १३ जुलै १८७१ रोजीं त्यांचा अंत झाला.

त्यांनीं केवळ पोथ्यांतील शब्द वेंचिले नाहींत. शेत, बाजार व स्वयंपाकघर यांतील बोली आणि म्हणीही टिपिल्या. यांतच त्यांच्या श्रमांचें मोल आहे, कारण शब्द मरतात. इ. स. १६११ च्या इंग्रजी बायबलांत ‘लेट’ या शब्दाचा अर्थ कांहीं ठिकाणीं ‘अडविणें’ असा आहे. आज तोच शब्द ‘करूं देणें’ या उलट अर्थीं चालतो. जुना अर्थ ठाऊक नसेल, तर वाचकास वाक्य उलटेंच समजावयाचें! मोल्सवर्थ यांचें इंग्रजीही दीडशें वर्षांहून जुनें. त्यांतील कित्येक शब्दांकरितां विद्यार्थ्यास दुसरा कोश उघडावा लागतो.

आपल्या वाशीम जिल्ह्यांतही हेंच घडत आहे. इ. स. १९५६ च्या कायद्यानें दशमान मापें आलीं आणि शेर, मण, खंडी हे शब्द सरकारी व्यवहारांतून गेले. ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रामुळें तिफणही मागें पडत आहे. कोशांत हे शब्द आहेत. परंतु आपल्या वऱ्हाडी बोलींतील सर्वच शब्द तेथें कोठून असणार? ते अद्याप घरांतील वडील माणसांच्या मुखीं आहेत. परका मनुष्य आपल्या भाषेकरितां इतका झिजला. तेव्हां विद्यार्थ्यांनीं सुटींत आजोबा-आजींजवळ बसून असे शब्द अर्थांसह वहींत उतरून घ्यावेत, व आईबापांनीं त्यांस त्या कामीं हात द्यावा, एवढीच आमची विनंति आहे.