नळदुर्गचा कथाकार

सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्ग हे गाव लागते. गावाला लागूनच, बोरी नदीच्या वळणात, एक विस्तीर्ण किल्ला उभा आहे. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या कारकिर्दीत, १६१३ च्या सुमारास, येथे नदीवर भक्कम धरण बांधले गेले आणि त्या धरणाच्या पोटात एक लहानसा महाल करण्यात आला. त्याला पाणीमहाल म्हणतात. पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी कोसळू लागले, की महालाच्या खिडकीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढून पाण्याचा शुभ्र पडदा खाली जात असतो. आतली जमीन मात्र कोरडीच राहते.

या किल्ल्यात १८५३ ते १८५७ या काळात एक इंग्रज अधिकारी राहत असे. त्याचे नाव फिलिप मेडोज टेलर. जमिनींची मोजणी, साऱ्याची आकारणी, रस्ते, तलाव, फिर्यादींचे निवाडे अशा कामांत त्याचा सारा दिवस जाई. परंतु आज त्याचे नाव जगभर ओळखले जाते, ते त्याच्या कादंबऱ्यांमुळे.

टेलरचा जन्म २५ सप्टेंबर १८०८ रोजी इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरी झाला. वडील व्यापारी होते. पण व्यापारात खोट आली आणि घरची स्थिती बिघडली. मुलाला शिक्षण पुरे करता आले नाही. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने त्याला आपल्या पेढीवर घेण्याचे आणि पुढे भागीदारी देण्याचे आश्वासन दिले, तेव्हा सोळावे वर्ष पुरे होण्याआधीच तो जहाजावर चढला. १८२४ च्या सप्टेंबरात तो मुंबईस उतरला आणि पाहतो तो काय, ती पेढी म्हणजे कर्जात बुडालेले एक साधे दुकान होते! परक्या देशात, ओळखीपाळखीवाचून, हा पोरसवदा मुलगा पुरता फसला होता. सुदैवाने मुंबई सरकारात मोठ्या हुद्द्यावर असलेल्या एका नातलगाला त्याची दया आली. त्याच्या खटपटीने टेलरला हैदराबादच्या निजामाच्या फौजेत जागा मिळाली.

फौजेतले तरुण अधिकारी शिकार, पत्ते आणि मेजवान्या यांत वेळ घालवीत. टेलरने मुन्शी ठेवून हिंदुस्थानी शिकावयास आरंभ केला. पुढे मराठी आणि फारसी या भाषाही त्याने आपल्याशा केल्या. कायदा, जमिनीची मोजणी, भूगर्भशास्त्र या विद्याही तो स्वतःच्याच कष्टाने शिकला. शिकविणारा गुरू त्याला क्वचितच लाभला. भाषा येऊ लागली तसे त्याच्यापुढे एक निराळेच जग उघडले. दुभाष्याच्या तोंडून ऐकलेली तक्रार ही नुसती हकिकत असते. तीच तक्रार सांगणाऱ्याच्या स्वतःच्या बोलीत ऐकली, की त्यातला राग, भीती, लाज आणि लपवाछपवीही कळू लागते. टेलरला ती कळू लागली.

वयाची विशी उलटण्यापूर्वीच निजामाच्या राज्याच्या नैर्ऋत्येकडील मुलखात त्याची पोलीस अधिकारी म्हणून नेमणूक झाली. दहा लाखांहून अधिक लोकवस्तीचा तो मुलूख होता आणि हाताशी शिपाई मोजकेच. या कामात असतानाच ठगांच्या टोळ्यांची चाहूल त्याला लागली. वाटेवरच्या प्रवाशांशी गोड बोलून सोबत जोडायची आणि संधी साधून रुमालाने गळा आवळायचा, अशी ठगांची रीत होती. तपास पुरा होण्याआधीच टेलरला पलटणीत परत बोलावून घेण्यात आले, ही खंत त्याला पुढे अनेक वर्षे जाचत राहिली. काही वर्षांनी पकडलेले ठग माफीचे साक्षीदार होऊन हैदराबादेस आले, तेव्हा त्यांच्या जबान्या उतरून घेण्याच्या कामात टेलरने भाग घेतला. दिवसामागून दिवस तो त्यांच्यासमोर बसून ऐकत असे.

ऐकता ऐकता त्याला एका गोष्टीचे मोठे नवल वाटले. हे लोक दिसावयास भयंकर नव्हते. त्यांचे बोलणे अदबीचे होते, घरी त्यांना बायकामुले होती, शेजाऱ्यांत त्यांची पत होती. आपल्या मुलांविषयी बोलताना ज्यांचा आवाज मऊ होई, तेच लोक परक्याच्या मुलाचा जीव घेतल्याची हकिकत शांतपणे सांगत.

१८३७ मध्ये तापाने अंथरुणाला खिळलेला असताना टेलरने या अनुभवातून एक कादंबरी लिहावयास घेतली. ती १८३९ मध्ये लंडन येथे तीन भागांत प्रसिद्ध झाली. एका ठगाने आपल्या तोंडाने सांगितलेली आपली जीवनकथा, असे तिचे स्वरूप आहे. या ठगाचे नाव अमीर अली. पुस्तकाचा एवढा बोलबाला झाला, की तरुण राणी व्हिक्टोरियाने पुस्तक बांधून होण्याची वाट न पाहता त्याचे छापलेले ताव मागवून वाचले, असे टेलरने आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे.

दुष्ट माणूस रंगवावयाचा म्हणजे त्याचे डोळे लाल आणि हसणे विकट असे दाखविले, की सामान्य लेखकाचे काम भागते. वाचकही अशा माणसाचा द्वेष करून मोकळा होतो. टेलरने हा सोपा मार्ग घेतला नाही. अमीर अली देखणा आहे, शूर आहे, गोड बोलणारा आहे. तो पाच-सहा वर्षांचा असताना ठगांनी प्रवासात त्याच्या आईबापांना मारले. टोळीतला गणेशा या पोरालाही मारावयास निघाला होता. पण टोळीचा नायक इस्माईल याला मूल नव्हते. त्याने त्या पोराला वाचविले आणि पोटच्या मुलासारखे वाढविले. अशा रीतीने ज्याने आईबापांचा घात केला, त्यालाच बाप मानून हा मुलगा मोठा होतो आणि ठग बनतो. त्याचे आपल्या बायकोवर आणि लेकीवर जिवापाड प्रेम असते, आणि तोच वाटेवरच्या निरपराध माणसांना दगा देत असतो. नवरा ठग आहे हे कळताच त्या धक्क्याने त्याची बायको प्राण सोडते.

एकदा तो एका तरुण स्त्रीला ठार मारतो. तिच्या गळ्यात एक जुना ताईत असतो. हा आपल्या लाडक्या लेकीला होईल, म्हणून तो काढून घेतो. कित्येक वर्षांनी, आपल्या मूळ गावी गेल्यावर, त्याला कळते की ती स्त्री दुसरी कोणी नसून लहानपणी ताटातूट झालेली त्याची सख्खी बहीण होती. वाचकाला या प्रसंगी अमीर अलीचा संताप येतो, आणि त्याच वेळी त्याच्या दुःखाने मन कळवळतेही. लगेच पुढच्या पानावर तो आपल्या जुन्या पराक्रमांची फुशारकी मारू लागतो, तेव्हा त्याची कीव करणारा वाचक पुन्हा दचकतो. या माणसाविषयी एकच एक मत करून घेण्याची सोय टेलरने ठेवलेलीच नाही.

ठगांविषयी त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी जे लिहिले, ते सर्वच आजचे इतिहाससंशोधक जसेच्या तसे मानीत नाहीत. माफीच्या आशेने दिलेल्या जबान्यांत पुष्कळ भर पडलेली असणे शक्य आहे. तरीही अमीर अली हे पात्र खरे वाटते, कारण त्याच्या मनातले झगडे खरे आहेत.

कादंबरीमुळे नाव झाले. पण टेलर पुन्हा हिंदुस्थानात नोकरीवर परतला. १८४१ मध्ये त्याला आजच्या कर्नाटकातील सुरपूर या संस्थानात पाठविण्यात आले. तेथील बेडर राजा वेंकटप्पा नायक हा तेव्हा अज्ञान बालक होता. राज्यकारभार पाहणे आणि राजाला वाढविणे अशी दोन्ही कामे टेलरकडे आली. सुरपुरातच त्याची पत्नी मेरी निवर्तली. मुली दूर इंग्लंडमध्ये होत्या. एकाकी टेलरला त्या पोराचा लळा लागला. पोरगा त्याला अप्पा म्हणून हाक मारी. १८५३ मध्ये राजा वयात आला, तेव्हा टेलरने राज्य त्याच्या स्वाधीन केले आणि तो नळदुर्गास आला. त्याच वर्षी झालेल्या तहाने हा मुलूख निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला होता. येथे त्याने शेतकऱ्याला झेपेल आणि सरकारचेही नुकसान होणार नाही, अशी साऱ्याची नवी आकारणी केली.

१८५७ चा उठाव झाला आणि टेलरची तातडीने वऱ्हाडात बदली करण्यात आली. पुढच्याच वर्षी सुरपूरच्या तरुण राजाने इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. राजा पकडला गेला. कैदेत टेलर त्याला भेटावयास गेला, तेव्हा तो धावत येऊन आपल्या अप्पाच्या गळ्यात पडला. उठावातल्या साथीदारांची नावे सांगण्यास राजाने नकार दिला, आणि टेलरनेही त्यासाठी आग्रह धरला नाही. एकीकडे ज्या सरकारचे मीठ खाल्ले ते सरकार, दुसरीकडे हाताने वाढविलेला मुलगा! राजाला देहान्ताची शिक्षा झाली होती. ती कमी होत होत चार वर्षांच्या कैदेवर आली. परंतु कैदेच्या ठिकाणी नेत असताना वाटेत पिस्तुलाची गोळी लागून त्याचा अंत झाला. ही बातमी सुरपुरात राजाच्या राण्यांना सांगण्याचे काम टेलरवरच येऊन पडले.

१८६० मध्ये प्रकृती ढासळल्यामुळे टेलर मायदेशी परतला. मेंदूवर आजाराचा परिणाम होऊन काही काळ त्याची स्मरणशक्तीही क्षीण झाली होती. बरे वाटू लागताच त्याने पुन्हा लेखणी हाती घेतली आणि त्याच्या मनापुढे धाराशिवचा मुलूख उभा राहिला. १८६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘तारा’ या कादंबरीची नायिका तुळजापूरच्या एका शास्त्र्याची मुलगी आहे. लहानपणीच वैधव्य आलेली तारा भवानीच्या सेवेत मन रमविते. अफझलखानाचे सैन्य तुळजापुरावर येते आणि तिचे आयुष्य उधळले जाते. तिचा जीव वाचवितो तो खानाचाच मुलगा फाझल. शत्रूच्या घरातली माणसे म्हणून टेलरने त्यांना काळ्या रंगाने रंगविले नाही. या घरात भावाबहिणीची माया आहे, थट्टामस्करी आहे, आणि बापाचा वध झाल्यावर पोरकी झालेली मुलेही आहेत. दुसरीकडे, ताराच्या वाईटावर असलेली गंगा ही मुरळीसुद्धा नुसती दुष्ट नाही. प्रेमातल्या निराशेने ती तशी झालेली आहे.

या कादंबरीत योगायोग फार आहेत हे खरे. इतिहासाच्या तारखेतही टेलरची चूक झाली. प्रत्येक शंभर वर्षांनी हिंदुस्थानात मोठी उलथापालथ होते, असे त्याला वाटे. म्हणून त्याने अफझलखान-वध १६५७ मध्ये धरला. प्रत्यक्षात ती घटना १० नोव्हेंबर १६५९ ची आहे. पुढच्या दोन कादंबऱ्यांपैकी एक १७५७ च्या प्लासीच्या लढाईच्या काळातील, तर १८७२ मध्ये आलेली ‘सीता’ १८५७ च्या उठावाच्या काळातील आहे. सीता ही सोनाराच्या घरातली तरुण विधवा. एका इंग्रज अधिकाऱ्याशी तिचा विवाह होतो आणि दोन्ही समाज त्या दोघांकडे कसे पाहतात, हे टेलरने निर्भयपणे दाखविले आहे. इंग्रजी राज्य भल्यासाठीच आहे, ही त्याची समजूत मात्र शेवटपर्यंत सुटली नाही, आणि त्याच्या लिखाणात ती जागोजागी डोकावते.

उतारवयात त्याची दृष्टी गेली. तशा स्थितीतही, हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्या निमंत्रणावरून, १८७५ मध्ये तो पुन्हा एकदा हिंदुस्थानात आला. ज्या मुलखाची वर्णने लिहिण्यात त्याने आयुष्य घालविले, तो मुलूख आता त्याला दिसत नव्हता. जुने लोक भेटत तेव्हा आवाजावरूनच त्याला ओळख पटवून घ्यावी लागे. येथे पुन्हा तापाने गाठले. परतीच्या वाटेवर, फ्रान्समधील मांताँ येथे १३ मे १८७६ रोजी त्याने देह ठेवला. चाँदबिबीवरील त्याची कादंबरी मृत्यूनंतर, १८७८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच्या आधीच्या वर्षी त्याच्या कन्येने त्याचे आत्मचरित्र छापविले. नळदुर्गचा किल्ला आणि बोरीचे पाणी त्यात आहे, आणि त्याला अप्पा म्हणणाऱ्या राजाची हकिकतही सविस्तर आहे.